वेळकाढूपणा शिका: हातात कोयता किंवा कट्टा असलेल्या माणसाला जिवंत ताब्यात घेताना

वेळकाढूपणा हा एरवी सरकारी नोकराला मारलेला टोमणा. पण चाळीच्या खोलीत कोयता उगारून उभ्या असलेल्या माणसासमोर तेच सगळ्यात कसबाचं काम ठरतं. वेळ गेला की दारू उतरते, कोयता धरलेला हात भरून येतो, आवाज बसतो, कुमक पोहोचते. घाई केली की दोन सेकंदांत कोणी तरी रक्तबंबाळ होतो, आणि मग उरलेली वर्षं चौकशीत जातात.

पुढचं सगळं मुख्यतः बीट मार्शल (मोटारसायकलवरून गस्त घालणारे पोलीस) आणि मोबाइल व्हॅनवरच्या अंमलदारांसाठी आहे. क्यूआरटी, म्हणजे शीघ्र कृती पथक, येईपर्यंतची पहिली दहा-पंधरा मिनिटं त्यांचीच असतात, आणि बहुतेक प्रकरणं बिघडतात तीही याच मिनिटांत.

कॉल आल्यापासून जिन्यापर्यंत

११२ वर येणारा पहिला निरोप बहुधा ‘मारामारी चालू आहे, लवकर या’ एवढाच असतो. निघता निघता फोन करणाऱ्याला परत फोन लावा आणि विचारा: हत्यार नेमकं कोणतं? चाकू, चॉपर, कोयता, तलवार की कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल? हातात आहे की कमरेला? आत आणखी कोण आहे, लहान मूल आहे का? दाराला आतून कडी आहे का? मोरीला खिडकी, वर पोटमाळा, मागे दुसरा दरवाजा? तो प्यायलाय का? त्याची कसली औषधं चालू होती आणि ती हल्ली बंद झालीत का? शेवटचा प्रश्न बरेचदा राहून जातो. त्याच्या उत्तरावर मात्र सगळा बेत बदलू शकतो.

आणखी एक विचारायचं ते गॅसचं. ‘सिलिंडर पेटवीन’ अशी धमकी असेल किंवा वास येत असेल तर दिव्याची बटणं, बेल, फोन यांना दाराजवळ हात लावायचा नाही आणि गोळीबाराचा विचार सोडून द्यायचा. मजला रिकामा करणं आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवणं हे पहिलं.

सायरन एक गल्ली आधी बंद करा. मोटारसायकल आणि व्हॅन बाहेरच्या दिशेला तोंड करून, १०८ च्या रुग्णवाहिकेला वाट राहील अशा लावा. रुग्णवाहिका आधीच बोलावून ठेवायची, कोणी जखमी झाल्यावर नाही. वॉकीटॉकीचा आवाज कमी करा. दाराबाहेर ‘आरोपीकडे हत्यार आहे, फोर्स पाठवा’ हे वाक्य घुमलं की आतला माणूस आणखी बिथरतो.

चौघं असतील तर कामं जिन्याखालीच वाटून घ्या: एक बोलणारा, एक पिस्तूलवाला, एक ढाल आणि लाठी घेतलेला, एक गर्दी हटवणारा. बोलणाऱ्याच्या हातात पिस्तूल नको, आणि पिस्तूलवाल्यानं बोलायचं नाही. एका माणसाला दोन्ही नीट जमत नाही. दोघंच असाल तर दुसऱ्याकडे पिस्तूल आणि वायरलेस. मग गर्दीचं काय? मंडळाच्या पोरांना हाताशी धरा. गणपतीत रात्रभर दर्शनाची रांग सांभाळणाऱ्यांना एक जिना अडवणं जड नाही. फक्त त्यांना एकच काम सांगा: कोणालाही वर सोडायचं नाही. ‘मदत करा’ असं मोघम सांगितलंत तर चार जण काठ्या घेऊन तुमच्या आधी दारात पोहोचतील.

मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांशी हुज्जत घालत बसू नका. पाच खोल्या मागे जा म्हणावं, तिथून काय हवं ते काढा. खरा उपद्रव असतो ‘मार, हिंमत असेल तर मार’ म्हणून आरोळ्या देणाऱ्याचा. त्याला आधी खाली पाठवा.

एकवीस फूट, आणि दहा फुटांची खोली

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी पोलीस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी एक साधी मोजणी मांडली. कमरेचं पिस्तूल काढून दोन गोळ्या झाडायला तयारीच्या पोलिसाला साधारण दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्यात चाकू घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपास, धावून येतो. यावरून पुढे भलताच अर्थ काढला गेला: २१ फुटांच्या आत आला की झाडा. मोजणी तसं म्हणत नाही. ती सांगते ते एवढंच की इतक्या जवळ उभं राहिलात तर पिस्तूल वेळेवर हाती येणार नाही. म्हणून मागे सरा किंवा मध्ये काही तरी आणा. झाकणाचं चामडी होल्स्टर आणि दोरी लावलेलं पिस्तूल असेल तर दीड सेकंदही विसरा.

मुंबईत अडचण अशी की मागे सरायला २१ फूट असतातच कुठे? बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. धारावीतल्या कित्येक गल्ल्यांत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. तेव्हा अंतराची भरपाई अडथळ्यानं करायची. सगळ्यात चांगला अडथळा म्हणजे दार. ते आतून बंद असेल आणि आत दुसरं कोणी अडकलं नसेल, तर ते तोडायचं कशाला? दार बंद म्हणजे तो एका जागी आहे, दुसऱ्या कोणावर वार करू शकत नाही, आणि तुमच्या हातात वेळ आहे. ‘दार तोडा’ हा हुकूम बहुतेक वेळा बाहेरच्यांचा धीर सुटल्यामुळे येतो, आतल्या गरजेमुळे नाही.

दार उघडं असेल तर चौकटीत उभं राहू नका. मागून उजेड येतो, तुमची आकृती स्पष्ट दिसते आणि आतलं अंधारातलं तुम्हाला दिसत नाही. चौकटीच्या बाजूला, बिजागरीकडे नव्हे तर कडीकडे उभं राहून आत थोडं थोडं पाहत जा. बाहेर ठेवलेली खाट, पाण्याचं पिंप, दुकानाचं अर्धवट ओढलेलं शटर, उभी केलेली मोटारसायकल, यातलं काहीही मध्ये आलं तरी त्याला वळसा घालावा लागतो आणि तुम्हाला एखादा सेकंद मिळतो. जिन्यावर तुम्ही खाली आणि तो वर असं होऊ देऊ नका. वरून येणारा वार मानेवर बसतो, आणि उतरताना तुमचा पाय निसटतो. चाळीला दुसरा जिना असेल तर तोही माणूस लावून राखा, नाही तर मागे सरता सरता तुमचाच रस्ता बंद होईल.

चाकूला अडवायला पत्रा आणि लाकूड पुरतं. कट्ट्याला पुरत नाही. पत्रा, प्लाय, पलंगाची फळी यांच्या आडून माणूस दिसत नाही, पण गोळी आरपार जाते. आडोसा घ्यायचा तर काँक्रीटचा खांब, भरीव दगडी भिंत किंवा गाडीचा इंजिनाकडचा भाग.

काय बोलायचं, कोणी बोलायचं

बोलणारा एकच. तीन गळ्यांतून ‘हलू नकोस’, ‘खाली बस’, ‘हत्यार टाक’ असे तीन हुकूम एकदम आले तर शुद्धीवरच्या माणसालाही कोणता पाळावा ते कळत नाही. मग ‘सांगूनही ऐकलं नाही’ अशी नोंद होते, आणि ती खरी नसते.

बोलणारा वरिष्ठच हवा असं नाही. समोरच्याची भाषा येणारा हवा. भोजपुरी, तमिळ, तेलुगू, कोकणी, जी त्याची असेल ती बोलणारा शिपाई तिथे असेल तर साहेबांनी मागे राहावं. सुरुवात नाव सांगून: ‘मी पोलीस ठाण्यातून आलोय, माझं नाव अमुक. तुम्हाला काय म्हणू?’ नाव कळलं की नावानं किंवा ‘दादा’, ‘भाऊ’ म्हणून. ‘ए, काय रे’ म्हटलंत की तो पहिल्या वाक्यातच हातातून जातो. आवाज खालच्या पट्टीत, वाक्यं तोकडी. त्यानं ओरडून घ्यावं, तुम्ही ओरडू नये. पुढची काही वाक्यं पाठ करून ठेवण्यासारखी आहेत:

‘दादा, मी इथेच उभाय. आत येत नाहीये.’
‘घाई नाही. आधी तुमचं काय झालं ते सांगा.’
‘तुमच्या हातात कोयता आहे म्हणून मला भीती वाटतेय. तो खाली ठेवलात तर मी नीट बोलू शकेन.’
‘पाणी हवंय का?’

पाण्याचं विचारणं वरवर साधं दिसतं. ते घ्यायला हात मोकळा करावा लागतो, आणि ‘हो’ म्हणण्याची सवय लागते. पाणी प्लास्टिकच्या बाटलीतून, लांबून सरकवून द्यायचं. काचेचा किंवा स्टीलचा ग्लास नको, आणि हातात तर मुळीच नको.

काय बोलायचं नाही? ‘शांत हो’. हे वाक्य आजवर कोणाला शांत करू शकलेलं नाही. ‘तुला काहीच होणार नाही, केस करणार नाही’ हेही नको. ते खोटं असतं आणि त्याला ते कळतं. त्याऐवजी ‘ठाण्यात जावं लागेल, पण कोणी हात लावणार नाही, ही माझी जबाबदारी’ असं सांगा आणि नंतर पाळा. वस्तीत अशी गोष्ट लक्षात ठेवली जाते. पुढच्या वेळी त्याच गल्लीत दुसऱ्यासमोर उभं राहाल तेव्हा तुमचा शब्द चालतो की नाही, ते यावर ठरतं.

आईला किंवा बायकोला पुढे करण्याचा मोह आवरा. ‘आईचं ऐकेल तो’ असं शेजारी छातीठोकपणे सांगतात, पण भांडण नेमकं तिच्याशीच झालेलं असू शकतं. तिला खाली बसवून माहिती घ्या. फार तर फोनवरून दोन वाक्यं, तीही आधी काय बोलायचं ते ठरवून.

माणूस स्वतःच्याच गळ्याला सुरी लावून बसला असेल, हवेतल्या कोणाशी बोलत असेल, तर त्याच्या भासावर वाद घालू नका आणि हो ला होही मिळवू नका. ‘मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्ही घाबरलायत हे दिसतंय’ इतकं पुरे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं असतं आणि जास्तीत जास्त २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक नातेवाइकांना द्याच.

लाठी, ढाल, मिरचीचा फवारा

लाठी चाकूवाल्याच्या डोक्यावर मारायची वस्तू नाही. डोक्याचा घाव जीव घेतो, आणि तो घालायला हात वर नेला की तुमची बगल आणि पोट उघडं पडतं. लाठी दोन्ही हातांनी आडवी किंवा टोक पुढे करून अंतर राखायला वापरा. मारावीच लागली तर हत्यार धरलेल्या हाताच्या कोपराखाली किंवा मांडीवर. दहा फुटांच्या खोलीत पाच फुटी लाठी फिरत नाही, पंख्याला नाही तर कपाटाला अडकते. तिथे दंगलीतली लांब ढाल कामाची: दोन ढालवाले खांद्याला खांदा लावून पुढे, त्यांच्या मागे हात धरणारे दोघं. ढाल नसेल तर गादी किंवा दुमडलेली सतरंजी. ऐकायला हास्यास्पद, पण गादीतून चाकू फिरवता येत नाही.

मिरचीचा फवारा बंद खोलीत सगळ्यांनाच लागतो, पोलिसांना आणि कोपऱ्यातल्या लेकराला धरून. नशेतल्या माणसावर तो उशिरा लागतो किंवा लागतच नाही. दमेकऱ्यावर तो धोक्याचा.

रिकाम्या हातानं चाकू हिसकावण्याचे डाव रबरी चाकूला खडू लावून एकदा करून पाहा. सदऱ्यावरच्या पांढऱ्या रेघा मोजल्या की उत्साह आपोआप उतरतो.

गोळी

कायदा आधी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ अटकेला विरोध करणाऱ्यावर आवश्यक ती सर्व साधनं वापरू देतं. पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही अशा गुन्ह्यातल्या आरोपीचा जीव घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, हेही तेच कलम सांगतं. खाजगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तिथे तो प्राण घेण्यापर्यंत जातो, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याची मुभा कधीच नसते. हे साध्या भाषेत: कोयता उगारून तो अंगावर किंवा दुसऱ्यावर धावतोय आणि थांबवायला दुसरं काही उरलेलं नाही, तेव्हा. तो पळतोय, पाठ करून उभाय, कोयता खाली पडलाय, तेव्हा नाही.

पिस्तूल बाहेर काढलं तरी नळी जमिनीकडे आणि बोट ट्रिगरबाहेर, ट्रिगरभोवतीच्या गार्डच्या वर सरळ. दचकलं, पाय अडखळला किंवा दुसऱ्या हातानं काही घट्ट पकडलं की बोटही आपोआप आवळतं. ठरलेला एकच पिस्तूलवाला असावा याचंही कारण हेच प्रतिक्षिप्त वागणं: एकानं झाडली की बाकीचे विचार न करता झाडतात.

हवेत इशाऱ्याची गोळी हा सिनेमातला प्रकार शहरात टाळावा. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि मुंबईत ‘वर’ म्हणजे कोणाची तरी बाल्कनी. इशारा तोंडी द्या, मोठ्यानं आणि कॅमेऱ्यावर ऐकू जाईल असा: ‘पोलीस! कोयता टाक, नाही तर गोळी झाडावी लागेल.’

‘कंबरेखाली मारा’ हे सांगायला सोपं. धावणारा पाय अरुंद आणि सतत हलणारा, चुकलेली गोळी लादीवरून उसळते, आणि मांडीची धमनी फुटली तर काही मिनिटांत जीव जातो. म्हणून पायावर गोळी ही सौम्य कारवाई आहे असं समजून ती लवकर वापरू नका. ती गोळीच आहे, आणि तिला लागणारी गरजही तेवढीच मोठी हवी. झाडण्याआधी त्याच्या मागे काय आहे ते पाहा. ९ मिमीची गोळी अंगातून आणि पत्र्याच्या भिंतीतून पलीकडच्या खोलीत जाते. पलीकडे कोण झोपलंय हे माहीत नसेल तर जागा बदला.

वेळ काढायचा नाही असेही प्रसंग असतात. आत कोणावर वार चालू आहेत, किंवा बंदूकधारी दिसेल त्याला मारत सुटलाय, तर मिळेल त्या माणसांनिशी आत शिरावंच लागतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे हातात फक्त लाठी असताना कसाबच्या रायफलला भिडले, गोळ्या झेलल्या आणि तो जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्या पराक्रमापुढे मान झुकतेच. पण तो आपल्या साधनांच्या तुटवड्याचाही पुरावा आहे. एकाच्या बलिदानाला बाकीच्यांची कार्यपद्धती करता येत नाही. आणि जिवंत पकडलेला एकटा आरोपी काय मोलाचा असतो, हे त्या खटल्यानं दाखवलं.

लोकलच्या डब्यात चाकू निघाला तर दोन स्टेशनांच्या मध्ये झटापट नको. डब्यातले लोक दुसऱ्या टोकाला काढा आणि पुढच्या फलाटावर रेल्वे पोलिसांना तयार ठेवा. साखळी ओढून गाडी मध्येच थांबवली तर तो रुळांवर उतरतो, लोकही उतरतात, शेजारच्या रुळावर गाडी येत असते. तो टपाकडे चढू लागला तर मागे लागू नका, वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात.

हत्यार खाली ठेवतो तो क्षण

सगळ्यात जास्त चुका इथे. तो ‘बरं’ म्हणाला की बाहेरचे सगळे सुटकेचा श्वास टाकून एकदम घुसतात, तो घाबरतो आणि पुन्हा हत्यार उचलतो. तोच एक बोलणारा पुढेही बोलत राहील, एका वेळी एकच सूचना.

चाकू असेल तर: ‘खाली ठेवा.’ थांबा. ‘आता दोन पावलं डावीकडे.’ थांबा. ‘हात भिंतीवर.’ चाकू पायानं सरकवायला किंवा तुमच्याकडे फेकायला सांगू नका.

कट्टा असेल तर ‘हात वर’ म्हणायचं नाही, कारण हातासोबत नळीही तुमच्यावरून फिरते. ‘टाक’ही म्हणायचं नाही. गावठी कट्ट्याला भरवशाचा सेफ्टी कॅच नसतो, जमिनीवर आपटला की उडू शकतो. ‘बोट बाहेर काढा. नळी जमिनीकडे. हळूच खाली ठेवा. आता मागे सरा.’ बहुतेक कट्टे एका वेळी एकच गोळी झाडतात, पण ‘उडवली, आता रिकामा’ अशा हिशेबावर जीव टांगू नका. खिशात दुसरी असते, आणि कधी कमरेला दुसरं हत्यारही.

बेड्या घालताना पालथा पाडावा लागला तर मानेवर किंवा पाठीवर गुडघा ठेवू नका. झटापटीनंतर दमलेल्या, प्यायलेल्या माणसाचा श्वास असा सहज कोंडतो. बेड्या लागल्या की लगेच कुशीवर किंवा बसता करा, आणि ‘श्वास घेता येत नाही’ म्हणाला तर खरं माना.

रक्त आणि कागद

जखमी कोणीही असो, आरोपी असला तरी, आधी रक्त थांबवा. घट्ट दाब, जखमेत कापड कोंबून पुन्हा दाब. हातापायातून उसळत असेल तर टूर्निकेट (रक्त थांबवायचा आवळपट्टा) जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहून. रुतलेला चाकू काढू नका.

जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करायचं असतं. पंच बोलावून हत्याराची लांबी, पात्याची रुंदी, मुठीचा रंग पंचनाम्यात. रक्त लागलेलं पातं प्लास्टिकमध्ये नको, ओलाव्यानं डाग कुजतात. वाळवून कागदात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात. कट्टा जाणकारानंच रिकामा करायचा, आणि काडतूस, पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच), कट्टा वेगवेगळे सील करून कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे. धारदार शस्त्राला हत्यार कायद्याचं कलम ४ सह २५, आणि मनाई आदेश लागू असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७(१) आणि १३५. पोलिसावर हल्ला झाला असेल तर न्याय संहितेचं १३२, दुखापत झाली असेल तर १२१. प्रत्येक झटापटीला १०९ जोडण्याची खोड मात्र सोडा. खुनाचा प्रयत्न कोर्टात टिकला नाही की बाकीचं खरंही संशयास्पद वाटू लागतं.

गोळीबारात मृत्यू झाला तर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये घालून दिलेले सोळा निर्देश लागू होतात. ते मुंबईतूनच निघाले: १९९५ ते १९९७ मधल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू याविषयीच्या प्रकरणात. खबर आधीच लेखी नोंदवलेली हवी, गुन्हा दाखल व्हायला हवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडे, दंडाधिकारी चौकशी, आणि शस्त्रं तपासणीसाठी जमा. घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही.

गोळी झाडावी लागली नाही त्याही रात्री स्टेशन डायरीत वेळा घाला: किती वाजता पोहोचलात, कोण बोललं, काय शब्द वापरले, कितव्या मिनिटाला हत्यार खाली ठेवलं. मग चौघांनी अर्धा तास बसून कोण कुठे उभं होतं ते फरशीवर खडूनं काढा. कोणाची नळी कोणाच्या पाठीवर होती, ते तेव्हाच दिसतं.